मी मेल्याचा पुरावा

बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर मी दोन आठवडे मेलेली होते. हे मला अंबडच्या एका सायबर कॅफेत कळलं, झेरॉक्स काढायला गेले तेव्हा.

कुणाला सांगितलं तर हसतात. खुशाल हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं आणि आजही त्या लोकांची आठवण झाली की डोकं फिरतं. त्यांनी माझ्याबद्दल पानंच्या पानं खरडली. आता मी माझ्याबद्दल चार पानं लिहिली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

मुळात झालं होतं ते साधंच. आमचं शेत केदारखेड्याच्या शिवारात, घरही शेताला लागून. मी भोकरदनच्या कॉलेजात बारावी सायन्सला होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परीक्षेच्या दीड आठवडा आधीचा मुहूर्त काढून माझं लग्न ठरवून टाकलं. मी सतरा वर्षांची होते. "परीक्षा लग्न झाल्यावर बी देता येती," असं दादा म्हणाले. माझ्याआधी गावातल्या ज्या ज्या पोरींना हे सांगितलं गेलं होतं, त्यांतली एकही पुढे परीक्षेला बसलेली मी पाहिली नव्हती. मी रडले, जेवण सोडलं, मायने मध्ये पडून बघितलं. दादा ढिम्म.

माझ्या बाजूचा एकच माणूस होता, तो म्हणजे आजा. दादांचा चुलता. त्याने लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी राहायचा. आमच्या घराण्यात पूर्वी सगळेच मेंढरांमागे होते, नंतर शेतीला लागले. यानेच तेवढ्या तीसचाळीस मेंढ्या हट्टाने ठेवल्या होत्या. दरवर्षी उन्हाळ्यात त्याचा कळप अंबडकडे जायचा. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि मेंढपाळाला धान्य देतात. त्यांतल्या एका घराशी त्याचं वीस वर्षांचं येणंजाणं होतं, पण आमच्या घरातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. सगळं जमलं ते त्यामुळेच.

एका सोमवारी सकाळी तो मेंढ्या चारत चारत फाट्यापर्यंत आला, मी कॉलेजची बॅग घेऊन आले. त्याने खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली.

"ही दाखव त्यायला. म्हणावं, नात हाय, अभ्यासाला शांत जागा पायजे. ते बराबर वळखतील."

"आन् दादाला?"

"तुझा बाप पहिल्या दिसी ऐकायचा न्हाई. दोन दिस बोंबलू दे त्याला. बुधवारी मी सांगतो, पोरगी सुखरूप हाय, परीक्षा झाल्याबगर येत न्हाई. तू फोन बिलकुल करू नको."

एसटी आली. मी चढले. तो मेंढ्या रस्त्यावरून हाकण्यात गुंतला होता, त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अंबडजवळच्या त्या मळ्यावर त्यांनी घोंगडी पाहिली आणि एक शब्द न विचारता मला माडीवरची खोली दिली. मी रोज पहाटे उठून फिजिक्स करत होते. बुधवार गेला. दादांना कळलं असणार, घरात आदळआपट झाली असणार, आजा शांतपणे तंबाखू मळत बसला असणार, असं धरून मी चालले होते. लग्नाचा मुहूर्त गेला त्या रविवारी मी त्या घरच्या बाईंकडून मागून घेऊन गुळाचा खडा खाल्ला. तो गूळ अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

परीक्षा गुरुवारपासून होती. सोमवारी सकाळी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला अंबडच्या बाजारात गेले. झेरॉक्सच्या दुकानात मागे प्लायवूडच्या आडोशाला तीन कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या एकापुढे चार कॉलेजातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून काहीतरी वाचत होती. एक जण म्हणाला, "पोरगी गेली राव. बापानंच उडवली." मी सहज डोकावले. पडद्यावर माझा फोटो होता. कॉलेजच्या गॅदरिंगचा, हिरव्या पंजाबी ड्रेसातला.

मी स्कार्फ बांधलेला होता म्हणून बरं. पोरं उठेपर्यंत झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिले. मग दुकानदाराला म्हटलं, मला अर्धा तास बसायचंय. त्याने वही पुढे केली. तेव्हा कॅफेत बसायचं तर नाव-गाव लिहावं लागे. माझं टाळकं सरकलेलं होतं, मी पूर्ण नाव आणि गाव ठसठशीत अक्षरांत लिहिलं. त्याने वही मिटली, तीन नंबरला बसा म्हणाला, आणि त्या पोरांना सांगू लागला की ती फोटोतली पोरगी अंबडकडे आलेली असणं शक्यच नाही.

नेटवर आमच्या तालुक्याच्या नावाचा एक ग्रुप होता. नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, काही तर परदेशात गेलेली पोरं. गावच्या आठवणी, यात्रेचे फोटो, असलं काहीबाही तिथे चालायचं. मराठीच, पण सगळी इंग्रजी अक्षरांत टाईप केलेली. कुणीतरी चांगल्या मनाने लिहिलं होतं, ही मुलगी हरवली आहे, दिसल्यास घरी कळवा. त्याच्याखाली बाकीच्यांनी मांडव घातला होता.

एकाने लिहिलं होतं, काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरबरोबर पळाली, माझ्या मावसभावाने पाहिलं. दुसऱ्याने आमच्या विहिरीचा नकाशा काढून टाकला होता आणि त्यात आमची विहीर घराच्या भलत्याच बाजूला होती. तिसऱ्याने गॅदरिंगच्या फोटोतल्या माझ्या डोळ्यांवरून ताडलं होतं की पोरगी आधीपासूनच वाया गेलेली. त्या फोटोत माझे डोळे मिटायला आले होते, कारण समोर ऊन होतं. चौथ्याने, जळो त्याचं तोंड, मायच्या चालीवरून काहीतरी लिहिलं होतं. ही माणसं कधी आमच्या दाराशी आली नव्हती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता माझी मढी मोजत होती.

आणि मग वाघ. आपल्या फोटोच्या जागी वाघाचं चित्र लावलेला, पुण्यातला कुणी इंजिनिअर. त्याने शनिवारी दादांचा एक फोटो टाकला होता, कुणीतरी मोबाइलवर काढलेला, पोलीस ठाण्याबाहेरचा. दादांचं डोकं साफ भादरलेलं. मिशीही नाही. जन्मात मी दादांना मिशीशिवाय पाहिलं नव्हतं. वरचा ओठ पांढरा, उघडा पडलेला, दुसऱ्याच कुणाचातरी वाटत होता.

वाघाने लिहिलं होतं, आपल्याकडचा माणूस मिशी कधी काढतो? मुंबईवाल्यांना हे समजणार नाही, आपल्या मातीतल्यालाच समजेल. घरात मयत झाल्याशिवाय आपला माणूस मिशीला हात लावत नाही. म्हणजे बापाने गुपचूप पोरीचं दहावं घातलं. म्हणजे पोरगी मेली हे त्याला माहीत आहे. ते फक्त मारणाऱ्यालाच माहीत असतं.

खाली शाबासक्यांची रांग लागली होती. एकाने कळवलं होतं की याची प्रिंट काढून ठाण्यात पोचवली आहे, बुधवारी म्हाताऱ्याला पुन्हा बोलावणार आहेत, या वेळी सोडत नाहीत.

दादा तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते.

खरं सांगायचं तर तो फोटो बघून मीही अडाणीपणाच केला. दादांनी मला मारलेलं नाही एवढं मला नक्की माहीत होतं, तो एक मुद्दा माझ्याकडे होता. पण आमच्या भागात पळून गेलेल्या पोरीच्या नावानं आंघोळ करतात. जिवंत पोरीला मेली समजायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि तिचं नाव टाकायचं. मी लहान असताना शेजारच्या गावात एका बापाने केलं होतं. मला वाटलं, दादांनी माझं तेच केलं. आजाने सांगूनसुद्धा केलं. परीक्षा द्यायला गेलेल्या पोरीचं दहावं घातलं या माणसाने.

मी झेरॉक्सचा गठ्ठा उचलून उठले. घरी गेले तर दादा मला कोंडून ठेवतील आणि गुरुवारचा पेपर बुडेल, हे मला समोर दिसत होतं. न गेले तर बुधवारी ते आत जातील, माझ्या न गेलेल्या जिवासाठी. पण नुसती दादांची काळजी होती म्हणून गेले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला भांडायचं होतं. ज्याने माझ्या नावानं आंघोळ केली त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं होतं. मळ्यावर गेले, बॅग भरली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि एसटी धरली.

जालन्याला गाडी बदलून केदारखेड्याला उतरले तेव्हा तीन वाजत आले होते. पायवाटेने आले आणि दुरूनच आमच्या दारात मांडव दिसला. पंगत बसलेली. भावकीतले सगळे पुरुष, सगळ्यांची डोकी भादरलेली. मी बोटांवर दिवस मोजायच्या भानगडीत पडले नाही. हे माझंच चालू आहे, अशी माझी खात्रीच झाली.

मी मांडवात शिरले आणि ओरडले, "मी मेले न्हाई! दिसून राह्यले का डोळ्यानं? जिती हाय मी! वरण-भात खाऊन राह्यले माझ्या नावानं, लाज न्हाई वाटत?"

एकाचा घास हातातच राहिला. कुणी पाण्याचा तांब्या लवंडला. माय स्वयंपाकघरातून धावत आली ती उंबऱ्यातच बसली. दादा वाढत होते. त्यांच्या हातात भाताची परात होती. ती त्यांनी खाली ठेवली, माझ्याकडे आले, मी थोबाडीत बसणार म्हणून मान ताठ केली. पण ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावर होती.

"ही घोंगडी तुझ्यापाशी कशी?"

"आजानं दिली. सांगितलं न्हाई का त्यानं? बुधवारी सांगतो म्हन्ला व्हता."

दादा आणखी जवळ आले. त्यांनी घोंगडीला हात लावला, चाचपून पाहिली. मायच म्हणाली, "आज त्येचंच तेरावं हाय, बाई."

मला ऐकू गेलं होतं तरी मी "कुणाचं?" म्हणून विचारलं. वाड्यात मेंढ्या ओरडत होत्या, त्यांना कुणी चारायला नेलेलं नव्हतं.

मी गेल्यावर दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी मेंढ्या सोडता सोडता तो पडला होता. वाचा गेली, उजवं अंग गेलं. दुपारपर्यंत जीव होता. माय सांगत होती, "डाव्या हाताचा तळवा डोळ्यापुढं धरायचा, आन् मान अशी हिकडून तिकडं फिरवायचा. आमाला वाटलं, पोथी वाचा म्हनून राह्यला. तुझा बाप पोथी घेऊन बसला. तर ती पोथी ढकलून दिऊ लागला. मंग पुन्यांदा तळवा डोळ्यापुढं. आमी पुन्यांदा वाचू लागलो. डोळ्यातून नुसतं पानी त्येच्या."

पोथीच. मरणाच्या दारात असलेला माणूस तळवा डोळ्यांपुढे धरतो म्हटल्यावर आमच्या घरात दुसरा अर्थ कुणाला सुचणार? त्याला अक्षर येत नव्हतं. मी अभ्यासाला बसले की तो मला असंच चिडवायचा, तळवा नाकासमोर धरून मान डोलवायची, "वाचून राह्यली माजी मास्तरीन." ही खूण आमच्या दोघांची होती. तो त्यांना सांगत होता की पोरगी वाचत बसली आहे. आणि ते त्याला पोथी ऐकवत होते. मी हे तिथेच दादांना सांगितलं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवला नव्हता. दादांनी कबूल केलं, मेंढ्या विकत नाही. कावळा आला नाही. तुझी घोंगडी शोधून देवापुढे ठेवतो म्हणाले. नाही. ऊन डोक्यावर आलं, भावकी ताटकळली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. हे सांगताना दादा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"म्हंजे हे राह्यलं होतं त्याचं," ते म्हणाले आणि मांडवाच्या मेढीला टेकून बसले.

मी घोंगडीत तोंड खुपसून रडले, ती लोकर, तो तंबाखूचा वास. तो गेला तेव्हा मी माडीवर बसून गणितं सोडवत होते, मला ना सुतक ना आंघोळ. रडून झाल्यावरही माझा राग गेला नव्हता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "लगीन मी करनार न्हाई. आत्ताच सांगून ठिवते."

"ते कव्हाच मोडलं," दादा म्हणाले. "त्या लोकायनी दुसऱ्याच दिसी निरोप धाडला." मग ते उठले, परात उचलली. "गुरवारी पेपर हाय ना?"

"हाय."

"मंग आत जाऊन वाच. हितं काय तमाशा मांडला?"

मंगळवारी आम्ही दोघं भोकरदनला गेलो. ठाण्यात माझा जबाब झाला. साहेबाने टेबलावरची वाघाची प्रिंट घडी करून खणात टाकली, दादांना चहा पाजला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मला शोधायला पोलिसांनी विहिरीचा उपसा केला होता, इंजिन लावून तीन दिवस. तेव्हापासून शेजारच्या बाया आमचं पाणी भरत नव्हत्या. सगळ्यांदेखत माय एकटीच रोज तिथून कळशी भरून आणत होती आणि आधी स्वतः पीत होती. तेही मला त्या दिवशी एसटीत दादांकडून कळलं.

ठाण्यातून निघाल्यावर मी म्हटलं, मला एका ठिकाणी जायचंय. कॅफेत मी खुर्चीवर, दादा शेजारी स्टुलावर, टोपी मांडीवर घेऊन. मी लिहिलं: मी जिवंत आहे. परीक्षेसाठी घर सोडलं होतं. माझ्या वडिलांनी मिशी काढली ती चुलत आज्याच्या दहाव्याला. आता हे बंद करा.

पाच मिनिटांत उत्तरं आली. फेक आहे. बापानेच कुणाला तरी बसवून लिहून घेतलंय. आणि वाघ, माझा वाघ: खरी असशील तर आजचा पेपर हातात धरून फोटो टाक. पुरावा दे.

"काय म्हनून राह्यले?" दादांनी विचारलं.

"पुरावा मागून राह्यले."

"कशाचा?"

"मी मेली न्हाई याचा."

दादांनी पडद्याकडे नीट पाहिलं. त्यांना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. "आन् मेल्याचा त्यायनी कुठं दिल्ता?" ते म्हणाले. "चल. जल्दी कर. गाडी जाईल."

मी फोटो टाकला नाही. आजपर्यंत टाकलेला नाही. पुढे एकदोघांनी मला गाठून समजूत काढायचा प्रयत्न केला, की अगं, त्यांनाही काळजीच होती, सगळेच अंदाज करतात, तुझ्या घरच्यांनीही केलाच की पोथीचा. केला. मीही केला, मांडवात उभं राहून. पण माझ्या घरच्यांनी तो आजाचा हात हातात धरून केला आणि चुकला म्हणून दादा पुढे कितीतरी वर्षं पोथी उघडू शकले नाहीत. मी केला तो समोर जाऊन केला, आणि तोंडावर आपटले. वाघाचं काय बिघडलं? तो दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी क्रिकेट मॅचवर लिहीत होता. ती साईटसुद्धा काही वर्षांनी बंद पडली, त्यातली माझी सगळी मरणं तिच्याबरोबर गेली. मी आहे.

गुरुवारी दादा मला सेंटरवर सोडायला आले. मी नको म्हटलं होतं, टोपी तरी घाला म्हटलं होतं. त्यांनी टोपी घातली नाही. भादरलेलं डोकं, उघडा ओठ, तसेच एसटीत चढले. अख्खी गाडी आमच्याकडे बघत होती, काही जण चक्क मान वळवून. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता थांबला. दादा जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "दोन भोकरदन. एक माजं, एक माज्या पोरीचं. बारावीचा पेपर हाय तिचा."

सेंटरवर मला खिडकीजवळची जागा मिळाली. आईबापांना फाटकाबाहेर काढलं होतं. पेपर वाटायला पाच मिनिटं होती. मी बाहेर पाहिलं तर दादा फाटकाच्या गजांपाशी उभे होते, आजूबाजूचे लोक त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून. त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांनी डावा हात वर केला, तळवा डोळ्यांपुढे धरला आणि मान इकडून तिकडे फिरवली.

मी मान हलवली. बाईंनी पेपर दिला आणि मी वाचायला सुरुवात केली.